कोरडं बाळुतं

बाळुतं पुन्हा कोरडंच निघालं. सकाळी बांधलं होतं तसंच, घडीसुद्धा मोडली नव्हती. मधे फक्त विटेच्या भुकटीसारखा एक लालसर डाग.

दादांच्या जुन्या धोतराची मऊ मऊ बाळुती आईनं ढीगभर फाडून ठेवली होती, आणि वलणीवर एकही वाळत नव्हतं.

"लय गुणाचं लेकरू गं अंजे," चंद्राकाकी म्हणाली. "आईला धुणं म्हणून न्हाई. आमच्या गुंड्यानं तर बाज कुजवली व्हती!"

मला हसू आलं नाही. बाळाचे ओठ पापुद्रे धरायला लागले होते. जन्मला तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं त्यानं. आता रडायला तोंड वाकडं करायचा, पण आवाज बाहेर यायचा नाही.

आमच्या वडूजला पाचवी पुजल्याशिवाय बाळाला अंगावर पाजत नाहीत. पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, बाळाला बाधतो म्हणतात. तो वाटीत पिळायचा आणि चुलीच्या राखेत ओतायचा. तोवर बाळाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली कापसाची वात चोखायला द्यायची. माझी छाती दगडासारखी झाली होती, चोळी वाळून कडक. आणि हा वात चोखता चोखता दमून झोपत होता.

"आई, जरासं पाजू का गं?"

"परवा पाचवी हाय. तवर दम धर."

"गाईचा चीक खरवस म्हणून वाट्या चाटून खाताय, न् माझाच तेवढा राखेत?"

"ऐकलं का वैनी," काकी पदर तोंडाला लावून हसली, "मॅट्रिक झाली न् गाईच्या दावणीला जाऊन बसली!"

आई हसली नाही. "गप ऱ्हा," एवढंच म्हणाली आणि शेगडीत ओवा टाकायला वळली.

दुपारी काकी मळ्यात गेली, आई आडावर. मी बाळाला उचललं. उचलताना त्याची मान लुळी पडली, तेव्हा पाचवीची, सटवीची, सगळ्यांची भीती कुठं गेली कुणास ठाऊक. छातीशी लावलं, पण त्याला तोंडात धरताच येईना. मग ओठांवर एक थेंब पिळला. दाट, हळदीच्या दुधासारखा. जीभ हलली. दुसरा थेंब. आणि मग त्यानं असं ओढलं, की कळ पार पाठीत गेली. मी ओठ दातांत धरून बसले.

दारात घागर खाली ठेवल्याचा आवाज झाला. आई.

"काय केलंस गं हे?"

ओरडली नाही. बाळाला ओढूनही घेतलं नाही. भिंतीला टेकून तशीच जमिनीवर बसली.

"तुज्या आदी एक पोरगं व्हतं मला," ती म्हणाली. मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. "दिसंदिस सुकत चाललं. तवा दगडाबाई सुईणीनं आखरीला अंगाला लावलं. दोन घोट घेतलं, न् मांडीवरच गेलं. समदी म्हणली, चीक बाधला."

बाळ मात्र सोडत नव्हता. मी त्याला छातीपासून काढलंही नाही, की आईकडं बघितलंही नाही.

त्याचं पिऊन झाल्यावर आईनं त्याला आपल्या मांडीवर घेतलं. बाळुतं सोडून पोटावर तळहात ठेवला आणि बघत राहिली. आचका येतोय का, डोळे फिरवतोय का. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या, तेवढाच आवाज.

बऱ्याच वेळानं आईनं एकदम हात उचलला. तिचं लुगडं भिजलं होतं, बोटं निथळत होती. बाळानं पाय झाडले आणि खणखणीत रडला.

"आई, मुतला गं!" मी हसले, रडले, काय केलं ते आठवत नाही. कोरडं बाळुतं घेऊन पुढं झाले.

आई हसत नव्हती. हातसुद्धा पुसला नव्हता.

"म्हंजे," ती हळू म्हणाली, "त्यालाबी नुसती भूकच लागली व्हती व्हय गं?"

मी बाळुतं बांधत राहिले. नाडीची गाठ बसेना. बाळ पुन्हा तोंड वळवून शोधायला लागला. मी त्याला जवळ घेतलं, पण आईच्या समोर पाजायचा धीर होईना, आणि तिच्याकडं पाठ करायचाही.