पेनहेलच्या घरचा माणूस

माझं लग्न लंडनचं इंग्रज सरकार आणि प्रिटोरियाचं आमचं सरकार यांच्या भांडणामुळे जमलं, असं मी म्हणते तेव्हा लोकांना थट्टा वाटते. थट्टा नाही, अगदी खरं आहे.

जॅगो पेनहेल इंग्रजांच्या मुलखातल्या कॉर्नवॉलहून जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत आला होता. खाणीतली धूळ छातीला सोसेना, म्हणून आमच्या करीफोंटेनला येऊन त्याने लोहारकामाची भट्टी टाकली. गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा, घोड्यांना नाल मारायचा. चार वर्षं मी त्याच्यासाठी थांबले होते, कारण माझे वडील, बेरेंड लुबे, ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. इंग्रजांनी पूर्वी एकदा आमचं प्रजासत्ताक घशात घातलं होतं. ते परत घेण्याच्या लढाईत बाबांच्या डाव्या मांडीत गोळी घुसली आणि पाय दोन बोटं आखूड झाला. तेव्हापासून त्यांचं एक पाऊल जड पडायचं, एक हलकं. ते अंगणात आले की घरातलं मांजरसुद्धा ओळखायचं.

"राणीची प्रजा माझा जावई होणार नाही," बाबा म्हणायचे. "आधी इथला नागरिक हो म्हणावं त्या उपऱ्याला. मग बोलू."

जॅगोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. तो समोर बसलेला असला तरी माझ्याकडे बघून म्हणायचे, "उपऱ्याला कॉफी दे." "उपऱ्याला विचार, घोडीचे नाल झाले का."

"काका, मी इंग्रज नाही हो, कॉर्निश आहे," जॅगो हसून म्हणायचा.

"विंचू काळा काय नि पिवळा काय," बाबा मला सांगायचे.

एकदा जॅगोने त्यांच्यासाठी बूट करून आणले. डाव्याला जाड तळ, त्याखाली लोखंडी पट्टी, बरोबर दोन बोटं उंच. बाबांनी तो बूट उलटसुलट करून पाहिला, काम चांगलं आहे असं मला म्हणाले आणि जोडी माळ्यावर टाकली. "इंग्रजाचं लोखंड एकदा पायात गेलंय. पुन्हा नको."

मतदानाचा हक्क असलेला नागरिक व्हायचं तर चौदा वर्षं इथे राहिलेलं असावं, असा तेव्हा कायदा होता. सोनं सापडल्यापासून बाहेरचे लोक इतके आले होते की त्यांना मत दिलं तर राज्य त्यांचंच झालं असतं. लंडनचं म्हणणं, आमची माणसं कर भरतात, मत द्या. रोज संध्याकाळी हाच खटला आमच्या ओट्यावर चालायचा.

"पाहुणे घरच्यांपेक्षा जास्त झाले, आणि आता कुलपाची किल्ली मागतात," बाबा म्हणायचे.

"कर घेताना आम्ही पाहुणे नसतो वाटतं, काका?"

"उपऱ्याला सांग, कॉफी गार होतेय."

मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा. मातीखाली सोनं नसतं तर आमच्या मताची चौकशी करायला लंडनहून कुत्रंही आलं नसतं, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

मग अठराशे नव्याण्णवच्या जुलैत, युद्ध टळावं म्हणून आमच्या सरकारने चौदाची सात वर्षं केली. लंडनचं तेवढ्याने समाधान झालं नाही. माझं झालं. जॅगोला इथे येऊन नऊ वर्षं झाली होती. त्याने राणीची निष्ठा सोडून प्रजासत्ताकाची शपथ घेतली आणि ऑगस्टमध्ये आमचं लग्न लागलं. चर्चबाहेर बाबांनी मला जवळ घेतलं, जॅगोशी हात मिळवला आणि मला म्हणाले, "उपऱ्याचा हात खरखरीत आहे. चांगलं आहे."

सप्टेंबर संपता संपता आम्हा तिघांच्या घरी सारेल नोडे आला. तो आमच्या भागाचा फील्डकॉर्नेट, म्हणजे लढाईसाठी माणसं गोळा करणारा अंमलदार. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवून कॉफी घेतली, पावसाची चौकशी केली आणि मग जॅगोकडे वळला.

"सोमवारी सकाळी चर्चच्या मैदानात. घोडा, खोगीर, बंदूक आणि आठ दिवसांची शिदोरी. शेजारचं नेटाल इंग्रजांचंच, तिथे सरहद्दीवर ते फौज जमवताहेत. हिंदुस्थानातून जहाजं भरून येताहेत म्हणे."

जॅगोने कप खाली ठेवला. "माझा भाऊ आहे नेटालमध्ये. डेनझिल. कोळशाच्या खाणीत असतो. तिथल्या स्वयंसेवक पलटणीत नाव घातलंय त्याने."

"वाईट आहे," सारेल म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "पण तुम्हा लोकांना मत हवं होतं, मिळालं. मताबरोबर बंदूक येते."

"मत मी कुठे मागितलं होतं? मी बायको मागितली होती."

एरवी सगळे हसले असते. बाबांनी मान वर केली आणि जॅगोकडे पाहिलं. 

"नाही गेला तर?" मी विचारलं.

"तुरुंग. भट्टी जप्त. आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही. बेरेंडकाका, तुमचं वय उलटून गेलंय, तुम्हाला माफी. पण या घरातून एक माणूस मला हवाच. समजवा जावयाला."

बाबांनी सारेलचा रिकामा कप उचलून माझ्या हातात दिला.

दोन दिवस मी शिदोरी करत होते. मांस वाळवलेलं होतंच. बडीशेप घातलेले पाव भाजायचे, तुकडे करायचे, पुन्हा भट्टीत कडक वाळवायचे. हाताला चटके बसत होते आणि मला ते बरे वाटत होते. जॅगो दारात उभा राहिला.

"मी हवेत गोळ्या झाडीन, अलेटा."

"आणि डेनझिल? तोही हवेतच झाडणार आहे? आणि तुला धरलं तर? राणीला सोडून बंदूक घेतलेल्याला ते फासावर देतील, सगळे तेच म्हणतात."

तो भट्टीकडे वळला. तो गेल्यावर पावलं वाजली, एक जड, एक हलकं, आणि बाबा आत येऊन बाकावर बसले.

"तो भाऊ मोठा की धाकटा?"

"धाकटा. आई गेल्यावर जॅगोनेच वाढवलाय."

"हं." त्यांनी एक तुकडा उचलून चावून पाहिला. "बडीशेप जरा जास्त टाक."

"शिदोरी तुमची आहे का?" मी ओरडलेच. "शपथ घ्यायला लावली ती तुम्ही! तुमच्या हट्टापायी तो भावावर बंदूक धरायला निघालाय. आता बघत बसा."

"बघतोय," बाबा म्हणाले.

त्या दिवशी मला त्यांचा तिरस्कार वाटला. दुसरा शब्द नाही.

सोमवारी उजाडता उजाडता मी चूल पेटवत होते. अंगणात पावलं वाजली. सारखी पडत होती, म्हणून मी मागे न बघताच म्हणाले, "जॅगो, घोड्यावर खोगीर घातलंस का?"

"घातलं," बाबा म्हणाले.

दारात ते सरळ उभे होते. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. खांद्यावर शिदोरीची पिशवी, हातात बंदूक, पायात जॅगोने केलेले ते बूट.

"माळ्यावर उंदीर कुरतडत होते," ते म्हणाले. "म्हटलं, वापरून संपवावेत."

जॅगो आतून धावत आला. "काका, हे चालणार नाही. नाव माझं आहे. मी जाईन."

तेव्हा बाबा पहिल्यांदा त्याच्याशी बोलले, माझ्याकडे न बघता. "तू गेलास तर भावावर बंदूक धरशील, नाहीतर धरणार नाहीस. दोन्हींत तू काही उरत नाहीस. माझा तिकडे कुणी भाऊ नाही. शपथ मी घ्यायला लावली, ती मीच निभावीन."

"तुमचा पाय, काका..."

"घोड्यावर बसायला पाय लागत नाही, बूड लागतं."

आम्ही दोघं त्यांच्या घोड्याशेजारून मैदानापर्यंत चालत गेलो. जॅगोने त्यांची रिकीब धरली होती, त्यांनी हात झटकला नाही. सारेल हजेरी घेत होता.

"पेनहेल!"

"हजर," बाबा म्हणाले.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सारेल गोंधळला. "बेरेंडकाका, मी पेनहेल म्हणालो."

"मला ऐकू येतं. पेनहेलच्या घरचा माणूस हजर आहे. पुढचं नाव घे."

सारेलने त्यांच्या बुटांकडे पाहिलं, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जॅगोकडे पाहिलं, आणि पुढचं नाव घेतलं.

आठ दिवसांच्या शिदोरीवर गेलेलं ते युद्ध तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत चाललं. आमच्या लोकांनी नेटालमधल्या लेडीस्मिथला वेढा घातला, त्यात बाबा पहिल्याच उन्हाळ्यात मारले गेले. डेनझिल त्याच गावात इंग्रज फौजेबरोबर आत अडकला होता. तो वाचला.

तह झाल्यावर जॅगो बाबांची कबर शोधायला गेला. स्वतः घडवलेली लोखंडी पाटी घेऊन गेला होता, तिच्यावर 'बेरेंड लुबे' अशी अक्षरं ठोकून. पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा पाटी त्याच्या पिशवीतच होती.

"कबर सापडली नाही?"

"सापडली. सोबत्यांनी लाकडाची फळी लावली आहे. तिच्यावर पेनहेल लिहिलंय. हजेरीत तेच होतं ना."

"मग तू ही पाटी का नाही लावलीस?"

त्याने ती काढून टेबलावर ठेवली. "त्यांनी माझं नाव एकदाच घेतलं, अलेटा. ते मी कसं उपटून टाकू?"