थरथर कुणाची

आत्याने गाडीची किल्ली धाकट्या भावाच्या गॅरेजमधल्या बाकावर ठेवली आणि गाडीला गिऱ्हाईक पाहायला सांगितले. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात तिचा हातखंडा सर्वमान्य होता. पट्टीचा आधार न घेता भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती रेघ ओढी, आणि ती रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ उतरे. या गॅरेजच्या दारावरची अक्षरेही तिचीच.

भावाने कारण विचारले तेव्हा तिने डोळ्यांवर ढकलले. परंतु भावाच्या लेकीने, म्हणजे आत्याच्या भाचीने, जिला सारे घर मिस्त्रीणबाई म्हणत असे, काही वेगळेच पाहिले होते. गाडी दाराशी उभी राहिली त्या क्षणी आत्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून पदराखाली घेतले होते. वडील फोन घ्यायला आत गेले तसे भाचीने तेवढेच विचारले.

आत्याने आतल्या दाराकडे एक नजर टाकली.

"हात थरथरतात गं," ती म्हणाली. "सिग्नलला थांबले की जास्तच. परवा ब्रशसुद्धा हलला. आता गाडी काय नि पाट्या काय, दोन्ही आवरतं घ्यायचं. तुझ्या बापाला बोलू नकोस."

भाचीने सांत्वन केले नाही. तिने बाकावरची किल्ली देऊन आत्याला गाडीत बसवले, स्वतः शेजारी बसली आणि इंजिन सुरू करायला सांगितले. ब्रेक दाबून आत्याने ती ऑटोमॅटिक, बिनक्लचची गाडी गिअरमध्ये टाकली, तोच स्टिअरिंगला कंप सुटला आणि त्यासवे मनगटांनाही. मग भाचीने न्यूट्रल करायला सांगितले. कंप बहुतांशी शमला. आत्याचे हात चाकावर निवांत पडून होते.

"म्हणजे गिअर काढला की तुझं वय कमी होतं का?" भाचीने विचारले.

नंतर तिने बॉनेट उघडून आत्याला बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे केले. स्वतः ब्रेक घट्ट दाबून तिने गिअर पुढचा, मागचा, पुन्हा पुढचा असा बदलला. प्रत्येक वेळी इंजिन एका कुशीवर उसळे आणि धप्पकन खाली येई. ते पाहून आत्याचा चेहरा किंचित सैलावला. इंजिनाचा सारा भार रबराच्या माउंटिंगवर तोललेला असतो, त्याचा क्षोभ ते रबर गिळते आणि गाडीपर्यंत पोचू देत नाही. रबर फाटले की लोखंडाला लोखंड भिडते आणि तीच थरथर चालवणाऱ्याच्या हातात उतरते, हे भाचीने तिला शांतपणे समजावले.

एव्हाना वडील मागे येऊन उभे होते. जे लपवायचे होते ते त्यांनी ऐकलेच होते.

"गाडीचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतलंस होय," ते बहिणीला म्हणाले. "लहानपणी माझ्या वाटचा मार घ्यायला मात्र कधी पुढे आली नाहीस."

काम भाचीने हाती घेतले. इंजिनाखाली लाकडी ठोकळा, ठोकळ्याखाली जॅक. भार अलगद उचलून तिने जुनी माउंटिंग सोडवली. एकाच्या चिरेत नख सहज शिरत होते. नवी माउंटिंग घालताना प्रत्येक बोल्ट लावल्या लावल्या तिने पूर्ण आवळला. ही त्या घरची रीत होती. सैल बोल्ट मागे ठेवून पुढच्याला हात घालणे हा वडिलांच्या लेखी प्रमाद होता, आणि लेकीने ती शिस्त व्रतासारखी उचलली होती.

जॅक निघाला. आत्या पुन्हा चाकामागे बसली, तिने गिअर टाकला. धक्के गेले होते; बारीक, अखंड कंप मात्र होता तिथेच होता. आत्याने हात पदराखाली घेतले.

"बघितलंस?" ती इतकेच म्हणाली, आणि उतरण्यासाठी तिने दार उघडले.

"आत्या, बसून राहा. अजून काम संपलेलं नाही."

भाचीच्या स्वरात शंकेला जागा नव्हती. ती वाकली, विजेरीचा झोत माउंटिंगवर धरून पाहत राहिली. नवे रबर पिळवटून एका बाजूला ताणले गेले होते. जॅकवर अधांतरी असतानाच इंजिनाला जखडले होते. खाली आल्यावर त्याला स्वतःची बैठक शोधायची मुभाच उरली नव्हती.

"बाबा, आपण त्याला बसूच दिलं नाही. आधीच आवळून टाकलं."

वडिलांनी वाकून पाहिले. आयुष्यभराची रीत मोडणे त्यांना जड गेले असावे, पण त्यांनी पाना उचलून तिच्या हाती दिला आणि म्हणाले, "सोड सगळे."

भाचीने इंजिन बंद करून सारे बोल्ट सैल केले, पण काढले नाहीत. मग ते पुन्हा सुरू करून थोडा वेळ तसेच चालू दिले. गिअर हलकेच पुढे-मागे करवला, तसे इंजिन जरासे सरकले आणि आपल्याच भाराने स्थिरावले. ते बंद करून मगच तिने एकेक बोल्ट शेवटपर्यंत आवळला.

या खेपेस आत्याने गिअर टाकला तेव्हा आरशातले गॅरेजचे दार चित्रासारखे निश्चल दिसत होते. तिने हात चाकावर ठेवले. बराच वेळ ती त्यांच्याकडे पाहत होती. मग न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून ती खाली उतरली. इंजिन बंद करायला भाची पुढे झाली, तिला तिने अडवले.

"असू दे चालू."

गाडीच्या अंगावरून तिनेच पूर्वी काढलेली एक पिवळी रेघ जात होती. पुढच्या चाकाच्या वर ती घासून पुसली गेली होती, आणि ती पुरी करायचे तिने कैक दिवस टाळले होते. डिकीतून तिने रंग आणि बारीक ब्रश काढला, पत्रा पुसला. धडधडत्या इंजिनाला खेटून, कशाचाही आधार न घेता, तिने श्वास रोखला आणि जुन्या रेघेच्या टोकापासून ब्रश चालवत नेला.

भाऊ खाली वाकून जुन्या-नव्या रेघेचा सांधा शोधू लागला.

"डोळे तुझे अधू झालेत," आत्या म्हणाली. "आणि गाडीला गिऱ्हाईक पाहू नकोस."