विसाचं काडतूस

आकडा मोठा तर दणका मोठा, एवढंच कोंडाजीचं शास्त्र. बंदूक एकनळी, बाराची, म्हणजे बारा नंबरच्या काडतुसाची. भरे गावच्या व्याह्यानं त्याला काडतुसं दिली विसाची. "बारापरीस वीस मोठं. डुक्कर जाग्याव झोपंल," असं त्यानं सगळ्या माले गावाला ऐकवलं होतं.

बंदूक खरं तर त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोची, गोजराबाईची. नवरा गेल्यावर छप्पन्न साली परवाना तिच्या नावावर झाला, तेव्हापासून तो थोरल्या दिराच्या डोळ्यांत सलत होता. बाईच्या हाती बंदूक शोभत नाही, म्हणून भावकीनं आज डुकरांच्या हाक्याला ती कोंडाजीला द्यायला लावली. गोजराबाई आपली काडतुसं कमरेला बांधून मागोमाग आलीच. नवऱ्याबरोबर भात राखताना ही बंदूक तिनंच पुसली होती, भरली होती.

खाली हाकारे डबे बडवत होते. झुडपातून डुक्कर निघालं, कोंडाजीनं चाप ओढला. नुसतं खट्ट! बंदूक उघडून पाहतो तर आत काहीच नाही.

"गवतात पडलं वाटतं. गोजरे, तुझं दे एक. बिगी बिगी!"

पडलं नव्हतं ते. भरताना ते सर्रकन आत गेलेलं गोजराबाईनं पाहिलं होतं. पुढं नळीत अडकलं असणार. आता मागून बाराचं घालून चाप ओढला, की नळी फुटून ह्याचं तोंड उडणार. एक क्षण तिला वाटलं, द्यावं आणि बाजूला व्हावं. त्या वाटण्याची तिला शिसारी आली.

"न्हाई देत."

"भावकीम्होरं तोंड वर करून बोलतीस?"

"बोलतीया. बंदूक द्या हिकडं, भावजी."

तिनं ती हिसकावलीच. डोईवरचा पदर घसरला, तो सावरला नाही. मागून नळीत पाहिलं, तर आभाळाऐवजी काळोख. बाजूला उभं राहून तिनं तोंडाकडून पुसायची काठी हळूहळू आत सारली. विसाचं काडतूस मागून निसटून कोंडाजीच्या पायाशी पडलं.

"बंदुकीत आकडा वाढला का नळी बारीक व्हती. ह्याच्या मागं माझं घातलं आसतं, तर तुमचं डोस्कं कुटं घावलं आसतं?"

कोंडाजीनं तरी हात पुढं केला. "बरं, आन हिकडं. आता नीट मारतो."

गोजराबाईनं नळीतून आभाळ पाहिलं, आपलं काडतूस भरलं आणि खटकन बंदूक मिटली.

"माझी बंदूक, माझं काडतूस. तुमी डबा वाजवा."

कोंडाजीनं भावकीकडं पाहिलं. भावकी पायाशी पडलेल्या काडतुसाकडं पाहत होती. त्यानं डबा उचलला.