किड्याचं रक्त, म्हणून हात धुतले

मी ज्वारीच्या पिठाच्या लाल मण्यांचा रेणू बोलतोय. खरा रेणू नव्हे, त्याची प्रतिकृती. खरा असतो समुद्रकाठच्या वाळूत, गांडुळाच्या एका भाऊबंदाच्या रक्तात. ओहोटी लागून पाणी हटलं, की रक्तात धरून ठेवलेल्या प्राणवायूवर तो किडा भरतीपर्यंत तग धरतो. तुमच्या रक्तातला असा रेणू प्राणवायूचे चार रेणू वाहतो. मी ज्याची प्रतिकृती, तो दीडशेच्या आसपास.

मला घडवलं ऋतुजाने. परदेशात हेच शिकून ती मंगळवेढ्याला परतली, आपल्याच जुन्या शाळेत शिकवायला. पोरांनी मला बघावं, एवढाच तिचा हट्ट. पीठ मळलं तिच्या आईने, बजाबाईंनी. सहा झुपक्यांचा एक थर, त्यावर तसाच दुसरा.

"आपल्या काळ्या रानागत हाय की," बजाबाई म्हणाल्या. "पाऊस गेला तरी ओल धरून बसतंय."

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी मी टेबलावर बसलो. लाल रंग, सहा कोन. कुणीतरी मला देवीच्या पूजेचं यंत्र समजून फुलं वाहिली. संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह आले. मला हात लावून त्यांनी तो कपाळाला टेकवला आणि मग विचारलं, हे कोणत्या देवीचं? ऋतुजाने सरळ सांगितलं, समुद्रातल्या किड्याच्या रक्ताचं.

त्यांनी हात धुवायला पाणी मागवलं.

मला संताप आला तो तेव्हा. आत्ता देव होतो, आत्ताच घाण झालो, आणि मधल्या वेळात माझा एक मणीही हलला नव्हता!

मुख्याध्यापक मल्लिनाथ सर तिच्या कानाशी आले. "मॅडम, माणसाचं रक्त म्हणून सांगा की. समुद्रात कोण बघायला चाललंय? नाहीतर हे उचलावं लागतंय."

"मग पोरांना शिकवायचं काय, सर? खोटं?"

पोरं टेबलापाशी पोचायच्या आत मला अडगळीच्या खोलीत टाकलं. तिथे उंदरांनी माझा एक झुपका फस्त केला. त्यांना तेवढी किळस वाटली नाही.

शेवटी ऋतुजा मला घरी घेऊन आली. बजाबाईंनी पुन्हा पीठ मळलं. आता मी त्यांच्या ओसरीवर असतो. शाळा सुटली की पोरं येतात, माझे मणी चाचपतात, ऋतुजाला प्रश्नांनी भंडावून सोडतात.

तुम्हीही या. पण मला हात जोडू नका, आणि हात धुऊही नका. हात लावा, आणि त्या पोरांसारखं विचारा, "हे काय हाय?"