मास्तरांची डावी बाजू

मेंदूच्या वॉर्डात येऊन सिस्टरला आठ महिने झाले होते. त्याआधीची अकरा वर्षं तिने हाडांच्या वॉर्डात काढली होती, आणि तिथली एक गोष्ट तिला अजून आठवायची. तिथे पेशंटला आपलं काय मोडलंय ते माहीत असायचं. इथे ज्याचं बिघडलंय त्यालाच बहुतेक वेळा त्याचा पत्ता नसायचा. मग दर काही तासांनी तेच ते प्रश्न. नाव काय, महिना कोणता, कुठे आहात. माझी बोटं दाबा, अजून जोरात. दोन्ही हात वर धरा. शेवटी खिशातला छोटा टॉर्च काढून डोळ्यांवर उजेड. वॉर्डात तिचं नावच टॉर्चसिस्टर पडलं होतं. एका आजोबांनी तर तिला सरळ विचारलं होतं, "बाई, रोज डोळ्यांत काय शोधता? काही हरवलंय का तुमचं?"

मास्तर आले ते एका सोमवारी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. वय अडुसष्ट, कोट शिवण्यात हयात गेलेली. त्या सकाळी त्यांच्या उजव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि अंगाची डावी बाजू लुळी पडली. बायकोला ते दुकानात कापायच्या टेबलाखाली पडलेले सापडले तेव्हा दुपार होत आली होती. गुठळी विरघळवायचं औषध देण्याची वेळ टळून गेली होती. आता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, एवढंच हातात उरलं होतं.

जीभ मात्र शाबूत होती. जराशी जड, पण धार तीच.

"तुमचं नाव सांगा," सिस्टर म्हणाली.

"दुकानाच्या पाटीवर आहे. वाचता येतं ना?"

"महिना कोणता?"

"कोटांचा."

"म्हणजे?"

"थंडीचा, बाई. डिसेंबर. तुमच्या या गणवेशाचे खांदे कोणी शिवले? माणूस धडधाकट होता ना तो?"

सिस्टर हसली आणि तिने शुद्धीच्या तक्त्यावर पूर्ण गुण लिहिले. चमच्याने थोडं थोडं पाणी देऊन गिळता येतंय का तेही तिने पाहिलं. ठसका लागला नाही, घशात पाणी अडकल्यासारखा आवाज झाला नाही. डाव्या खांद्याखाली उशी सारली आणि पलंगावर कागद चिकटवला: 'डाव्या हाताला धरून ओढू नये.'

मास्तरांची बायको पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून होती. उजव्या हाताला सलाईन लावलेलं, त्याच बाजूला कपाट, म्हणून खुर्ची आपसूक डावीकडे आलेली. काकू बारीक चणीच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. त्या विचारायच्या, "ऊन लागतंय का हो? पडदा ओढू?" आणि मास्तर मान उजवीकडे वळवून शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगायचे, "राहू दे." तो बिचारा गोंधळून जायचा. त्याने काही विचारलेलंच नसायचं.

संध्याकाळी तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा सिस्टर गमतीने म्हणाली, "काका रुसलेत वाटतं तुमच्यावर."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या उठून बाहेर गेल्या.

सिस्टर मागोमाग गेली. काकू खिडकीशी उभ्या होत्या. "खरंच रुसलेत," त्या म्हणाल्या. "सकाळी भांडण झालं आमचं. मी म्हटलं, पुरे झालं आता, दुकान बंद करा, नजर राहिली नाही तुमची. ते ऐकेनात. शब्दाला शब्द वाढला. मग मी म्हणाले, यापुढे माझ्याशी एक अक्षर बोलू नका. आणि तणतणत बहिणीकडे निघून गेले. मी तिथे असते तर लगेच कळलं असतं ना, सिस्टर?"

 सिस्टरने काकूंच्या पाठीवर हात ठेवला आणि मघाच्या थट्टेबद्दल स्वतःच्या जिभेला चार शिव्या घातल्या.

मंगळवारी दुपारी जेवणाचं ताट आलं. उजवीकडे कुस्करलेला बटाटा, डावीकडे मऊ शिजवलेलं गाजर. मास्तरांनी बटाटा चाटूनपुसून संपवला आणि चमचा ठेवला. "एवढंच? घरच्या मांजराला यापेक्षा जास्त घालतो आम्ही."

"गाजर राहिलंय की," काकू डावीकडून म्हणाल्या. मास्तरांनी ऐकलंच नाही असं केलं. निदान दिसलं तरी तसंच.

सिस्टर ताटाकडे बघत राहिली. ताटाच्या बरोबर मधून कोणीतरी सुरी फिरवावी तशी रेघ होती. तिने काही न बोलता ताट गर्रकन अर्धं फिरवलं.

"अरे वा! गाजर," मास्तर म्हणाले. "हे आधी का नाही वाढलंत?"

सिस्टरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तरांच्या सामानाच्या पिशवीत त्यांची मापाची टेप होती. दवाखान्यात आणलं तेव्हा ती गळ्यातच होती. सिस्टरने तिची कोरी बाजू वर करून ती त्यांच्यापुढे आडवी ताणून धरली. "मास्तर, याच्या बरोबर मधोमध बोट ठेवा."

पन्नास वर्षं पाठीचा मध्य नजरेने काढणाऱ्या माणसाने बोट ठेवलं ते पार उजव्या टोकाजवळ. "हा मध्य," ते ठामपणे म्हणाले. "सुताइतका फरक निघाला तर नाव बदलीन."

काकूंनी तोंडावर पदर दाबून धरला.

मग सिस्टरने त्यांचा डावा हात अलगद उचलून त्यांच्या नजरेसमोर आणला. "हा कोणाचा?"

मास्तरांनी हात न्याहाळला. "तुमच्या वॉर्डातल्या कोणाचा तरी असेल. बराच वेळ झाला, इथेच पडलाय."

सिस्टरने सलाईनचा खांब मागे सरकवला, कपाट ढकललं, खुर्ची उचलून उजव्या बाजूला आणली आणि काकूंना दंडाला धरून तिच्यात बसवलं.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या ओठांचा उजवा कोपरा थरथरला. "कुठे होतीस गं दोन दिवस?" ते म्हणाले. "सगळे येऊन गेले. तुझाच पत्ता नाही."

काकूंना हसू आवरेना आणि रडूही आवरेना. त्यांनी मास्तरांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि सलाईनची सुई सांभाळा, हे सिस्टरला दोनदा सांगावं लागलं.

नंतर सिस्टरने त्यांना समजावून सांगितलं. "त्यांचे डोळे नीट आहेत, काकू, आणि कानही. पण डावीकडचं जग आहे हेच त्यांच्या मेंदूने सोडून दिलंय. ताट असो, हात असो, माणूस असो. त्यात राग नाही, रुसवा नाही. तुम्ही तिथे बसला होता, एवढीच तुमची चूक."

बुधवारी सकाळी दहाला ती नेहमीची तपासणी करायला गेली. मास्तर डोळे मिटून होते. हाक मारल्यावर त्यांनी डोळे उघडले. सिस्टरने नाव विचारलं, त्यांनी नाव सांगितलं. महिना विचारला, ते म्हणाले, "डिसेंबर." उजव्या हाताची पकड कालच्याइतकीच होती. टॉर्च मारला, दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसल्या. तक्त्यावर फक्त एक गुण कमी झाला होता, आपण होऊन डोळे न उघडल्याचा.

ती लिहून वळली तर काकू तिच्याकडे टक लावून बघत होत्या. "सिस्टर, काहीतरी बिनसलंय."

"का? काय वाटतंय?"

"त्यांनी सरळ उत्तरं दिली. चाळीस वर्षांत या माणसाने मला एकदाही सरळ उत्तर दिलेलं नाही. किती वाजले विचारलं तर म्हणतात, तुला कुठे जायचंय?"

 सिस्टर परत वळली आणि म्हणाली, "मास्तर, आज माझ्या गणवेशाचे खांदे कसे दिसतात?"

 मास्तर म्हणाले, "चांगले आहेत," आणि डोळे मिटले.

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती आणि सकाळपासून तिला पाणी प्यायलाही फुरसत मिळाली नव्हती. "झोप झाली नसेल त्यांची," ती म्हणाली. "बाहुल्या ठीक आहेत ना? एक तासाने परत बघा."

"बघेन. पण तुम्ही आत्ता या," सिस्टर म्हणाली. "गुण एकच कमी झालाय, पण माणूस बराच कमी झालाय. त्यांची बायको सांगतेय, आणि मलाही दिसतंय."

डॉक्टर आली. तिने तपासलं, आणि तिच्याही कपाळावर आठ्या पडल्या. वीस मिनिटांत मास्तर स्कॅनला गेले. मेंदूला सूज चढत होती. गाठलं होतं ते अगदी वेळेवर. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, डोक्याकडची बाजू उंच केली, सूज उतरवायची औषधं सुरू झाली. कवटी उघडायची वेळ आलीच तर म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर काकूंची सही घेतली. 

चार दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. सिस्टर आपली पाळी संपली की खाली जाऊन यायची. हे तिच्या कामात बसत नव्हतं. ती मास्तरांच्या उजव्या बाजूला पाच मिनिटं उभी राहायची आणि वॉर्डातल्या बातम्या सांगायची. शेजारच्या खाटेवरचा माणूस घरी गेला, जाताना त्याने तुमची चौकशी केली, असलं काहीबाही. तिसऱ्या दिवशी मास्तर डोळे न उघडताच म्हणाले, "बाई, तुम्हाला घर नाही का?" सिस्टर जिन्यावर येऊन एका पायरीवर बसली आणि मनसोक्त रडली. शस्त्रक्रिया करावी लागली नाही.

ते वॉर्डात परत आले आणि सिस्टरने काकूंची खुर्ची उचलून पुन्हा डावीकडे ठेवली.

"हे काय?" काकू चिडल्याच. "आत्ता कुठे मी दिसायला लागले त्यांना!"

"म्हणूनच," सिस्टर म्हणाली. "तुम्ही उजवीकडे बसलात तर त्यांना वळायची गरजच काय? डावीकडे काहीतरी हवंहवंसं असलं तरच मान तिकडे जाईल. फिजिओथेरपीच्या ताईंचंही हेच म्हणणं आहे. आधी त्यांचा डावा हात हातात घ्या, चोळा, मग हाक मारा. बोलवायची घंटा तेवढी उजवीकडे राहू दे. अडचणीत शोधाशोध नको."

पलंगावर सरकवायच्या जेवणाच्या टेबलाच्या डाव्या कडेला तिने लाल पट्टी चिकटवली. 'लाल दिसेपर्यंत बघायचं,' हा नियम ठरला. काकू रोज सकाळी नऊला येऊन डावीकडे बसायच्या, हात चोळायच्या, बोलायच्या. मास्तर उत्तरं द्यायचे ती उजवीकडच्या भिंतीला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मान मध्यापर्यंत आली आणि तिथेच अडली. काकूंनी हात टेकले. "या भिंतीची सवत झालेय मी," त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी सिस्टर पलीकडच्या पेशंटची कूस बदलत होती. काकू नेहमीसारख्या दुकानाबद्दल बोलत होत्या. वकीलसाहेबांचा निळा कोट अर्धवट राहिला होता, तो पुतणीने पुरा करायला घेतलाय, वगैरे वगैरे. "बटणं सापडेनात. मग मीच सांगितलं तिला, काळी लाव."

"काळी?"

मास्तरांची मान हलली. आधी डोळे सरकले, मग हनुवटी, मग सगळं डोकं, लाल पट्टी ओलांडून पार डावीकडे. "निळ्या कोटाला काळी बटणं? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ते थेट बायकोच्या तोंडाकडे बघून ओरडले. "मरून नाही गेलो मी अजून!"

 सिस्टरने पेशंटला उशी लावली, चादर सारखी केली आणि मग हळूच म्हणाली, "काकू, अजून काही चुकीचं केलंय का दुकानात? असेल तर सगळं सांगून टाका."

घरी जायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी तिला थांबवलं. कधी नव्हे ते त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "बाई, हा हात परत येईल का?"

आता तो त्यांचा होता, एवढं तरी झालं होतं. सिस्टर पलंगाच्या कडेला बसली. "खांदा, कोपर सुधारतील असं वाटतंय. बोटांचं मी सांगू शकत नाही. सुईत दोरा ओवण्याइतकी येतील असं म्हटलं तर ते खोटं होईल."

मास्तरांनी उजव्या हाताने तो हात उचलून पोटावर ठेवला. "खोटं बोलला नाहीत, बरं केलंत," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून झोपले. सिस्टरने त्या दुपारी त्यांना एकटं राहू दिलं.

तीन महिन्यांनी ती औषधं आणायला खाली गेली असताना ओपीडीच्या कॉरिडॉरमध्ये दोघं दिसली. मास्तर चार पायांच्या काठीवर रेलून चालत होते, काकू त्यांच्या डावीकडे. दाराची चौकट आली की त्या त्यांच्या खांद्याला नुसतं बोट लावायच्या, आणि ते चौकट बघून अंग चोरायचे.

"दुकानाचं काय मग?" सिस्टरने विचारलं.

"चालू आहे," काकू म्हणाल्या. "मशीनवर मी बसते. हात माझे, तोंड यांचं. सकाळपासून रात्रीपर्यंत नुसती कटकट."

"पहिलं जाकीट शिवलंय हिने," मास्तर म्हणाले. "एक खिसा उत्तरेला, एक दक्षिणेला."

"गिऱ्हाईक खूश होतं!"

"गिऱ्हाईक सभ्य होतं." मास्तरांनी डावा हात मोठ्या प्रयासाने कमरेपर्यंत उचलून सिस्टरला दाखवला. बोटं अजून अर्धवट मिटलेलीच होती. "कापताना कापड सरकू नये म्हणून वर वजन ठेवावं लागतं, बाई. तेवढ्याला पुरतो हा. हिला कात्री धरायला शिकवतोय."

आतून त्यांचा नंबर पुकारला गेला. दोघं निघाली, कात्री अंगठ्याने चालवायची की मनगटाने यावर वाद घालत. सिस्टर औषधांचा खोका छातीशी धरून, ती दोघं आत जाईपर्यंत तिथेच उभी होती.