दोरावरच्या बायका

एबस्कार गावाच्या धक्क्यावर नवा फलक लागला त्या दिवशी इसा आर्चबोल्ड पाव आणायला म्हणून निघाली होती, आणि पाव न घेताच परत आली. शेजारीण डॉटी स्टॅन्टन खिडकीच्या काचा पुसत होती. इसाचा चेहरा बघून तिने फडकं बादलीत टाकलं.

"कोण गेलं?" डॉटीने विचारलं. त्या दोघींच्या वयात असा चेहरा दिसला की हाच प्रश्न आधी तोंडात येतो.

"आई," इसा म्हणाली.

"तुझी आई जाऊन जमाना झाला."

"परत घालवली तिला. चल, दाखवते."

फलक जुन्या लाइफबोट-घरासमोर होता, दगडी उतार जिथून समुद्रात जातो तिथेच. माणसाच्या उंचीहून मोठा, उभा, काळ्या लोखंडी चौकटीतला. वर ठळक अक्षरांत 'एबस्कारचे सोनेरी दिवस' आणि खाली इसानेच दिलेला फोटो, प्रचंड मोठा केलेला. बर्फाने पांढरा पडलेला किनारा, चाकांच्या गाड्यावर चढवलेली लाइफबोट, तिच्यात बुचाची जाकिटं घालून वल्ही धरून बसलेले खलाशी, आणि मधोमध उभा असलेला दाढीवाला तांडेल. नावेच्या पुढच्या टोकापासून एक जाड दोर निघून उजवीकडे ताणला होता आणि फलकाच्या काठाशी जाऊन संपत होता.

डॉटीने चष्मा सारखा केला. "दोर कोण ओढतंय?"

"तेच तर."

"वारा ओढत असेल," डॉटी म्हणाली. मग तिचाही आवाज बदलला. "माझी बेलाआत्या होती की गं तिथे. तुझ्या आईच्या मागे."

फोटोखाली मजकूर होता. त्यातलं एक वाक्य इसाने दोनदा वाचलं: 'तेव्हाचं आयुष्य साधं होतं आणि माणसं सुखी होती.'

त्या फोटोचा उजवा अर्धा भाग इसाला डोळे मिटूनही दिसत असे. जन्मभर तो तिच्या जिन्याच्या भिंतीवर होता. तिथे बायका होत्या. जाड लोकरीचे घागरे कमरेपर्यंत भिजलेले, डोक्याला शाली आवळलेल्या, लाटेत उतरून दोराला लोंबकळल्यासारख्या वाकलेल्या. एबस्कारला लाइफबोट पाण्यात लोटायची ती बायकांनीच. पुरुष नावेत बसलेले किंवा आपल्या होड्या घेऊन लांब गेलेले. किनाऱ्यावर उरायच्या त्या बायका. सगळ्यात पुढे इसाची आई, मेग डेंट. तिचं तोंड उघडं होतं. ओढीचा ठेका ती देत असे.

तो फोटो न्यूकॅसलच्या एका वर्तमानपत्रवाल्याने काढला होता. नॉर्वेचं एक कोळशाचं जहाज खडकावर चढलं होतं. इसा तेव्हा पाच वर्षांची. ती आणि धाकटी बहीण माडीच्या खिडकीला नाक लावून उभ्या होत्या. समुद्राच्या गरजण्यातूनही आईचा आवाज वर येत होता, हे तिला आजही आठवत होतं. त्या नावेत तिसऱ्या वल्ह्यावर इसाचा बाप होता. नाव गेली, आणि ती परत येईपर्यंत बायका ओल्या घागऱ्यांनी किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. दिवस कलता कलता नाव आली, जहाजावरच्या सगळ्यांना घेऊन. पुरुषांना पदकं मिळाली. बायकांना चहाचा एकेक पुडा मिळाला. मेग पुढे ईस्टरपर्यंत खोकत होती.

या सगळ्याबद्दल ती फारसं बोलली नाही. एकदाच, इसाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, बटाटे सोलता सोलता म्हणाली होती, "तुझ्या बापाला मी माझ्या हातांनी त्या पाण्यात ढकललंय, इसा. दर वेळी." आणि पुढचा बटाटा घेतला होता.

फलक लावला होता गावाच्या वारसा मंडळाने. त्याचे अध्यक्ष मिस्टर पेम्बर. नोकरी संपल्यावर ते दक्षिणेकडून येऊन इथे राहिले, हेरिंग मासे धुरी देऊन टिकवायची जुनी कोठी घेऊन तिचं घर केलं, आणि गावाच्या जुन्या फोटोंच्या प्रेमात पडले. गाढवांवर बसलेली पोरं, पट्ट्यापट्ट्यांच्या आरामखुर्च्या, समुद्रस्नानाआधी कपडे बदलायच्या खोपट्यांची रांग, जे मिळेल ते ते गोळा करत. माणूस वाईट नव्हता. हिवाळ्यात इसाच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी दोन कप चहा घेतला होता, जिन्यावरचा फोटो बघून त्यांचे डोळे पाणावले होते, आणि इसाने तो खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिला होता.

आता ती त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी हसून आत बोलावलं. ती आत गेली नाही.

"अर्धा फोटो कुठे गेला?"

"बसा तर खऱ्या, मिसेस आर्चबोल्ड."

"उभी बरी आहे."

"त्याचं काय झालं," पेम्बर म्हणाले, "फलक उभा होता. चित्र आडवं. कुठेतरी कात्री लावावीच लागते. आणि खरं सांगू का, त्या बाजूला सगळं जरा पुसट आहे. तुमच्या मातोश्रींचं तोंडही असं काही आलंय की बघणाऱ्याला वाटावं भांडण चाललंय. लोक सुट्टीला येतात. त्यांना जरा प्रसन्न..."

"ती प्रसन्न नव्हती. नवऱ्याला समुद्रात लोटत होती."

"मी तुमच्या भावना समजू शकतो," पेम्बर म्हणाले.

"भावना नाही देत मी तुम्हाला. फोटो दिला होता, तो परत द्या."

त्यांनी तो निमूटपणे आणून दिला. शब्दाला जागणारे गृहस्थ होते; फलक मात्र आता बदलता येणार नाही म्हणाले.

इसाने जन्मभर उन्हाळी पाहुण्यांना खोल्या दिल्या होत्या, आणि दर वसंतात त्या खोल्यांच्या भिंतींना नवा कागद तिने स्वतः चिकटवला होता. शहरात जाऊन तिने फोटोचा उजवा भाग फलकाच्या मापाने मोठा करून आणला. बुधवारी सकाळी, दुकानं उघडून लोक रस्त्यावर आल्यावर, ती खळीची बादली, रुंद ब्रश आणि घडीची शिडी घेऊन उतारावर आली. कोणापासून लपवायचं नव्हतं. डॉटीने शिडी धरली.

"पडलीस तर मी उचलणार नाही हं," डॉटी म्हणाली. "माझी कंबर आधीच गेली आहे."

"तुझ्यावर पडायचा प्रयत्न करेन, म्हणजे तुझी कटकट संपेल."

फोटोच्या उजवीकडे जागाच नव्हती. म्हणून इसाने बायका खालच्या मजकुरावर चिकटवल्या. ब्रशने मधून कडेकडे हवा काढत आणली. सोनेरी दिवस, साधं आयुष्य, सुखी माणसं, सगळं झाकलं गेलं आणि त्या जागी ओल्या घागऱ्यांतल्या बाया आल्या. बेकरीवाला दारात येऊन बघत होता.

शुक्रवारी मंडळाने तो कागद गरम पाण्याने खरवडून काढला. शनिवारी इसाने दुसरा लावला. तिने एकदम गठ्ठाच छापून आणला होता. असं तीन-चारदा झालं. दुकानात लोक दबक्या आवाजात विचारत, "आज आहेत का बायका?" आणि कोणीतरी म्हणे, "आहेत, सकाळीच आल्या."

मग तिचा भाचा केनी आला. इसाच्या त्याच धाकट्या बहिणीचा मुलगा. आता पन्नाशीचा, खेकड्यांचे पिंजरे टाकणारा, वारसा मंडळात गावकऱ्यांतर्फे एकटाच. टोपी हातात घेऊन तो दाराशी घुटमळला.

"मावशी, हे थांबव आता. माझं तोंड दाखवायची पंचाईत झालीय."

"का, तुझं तोंडपण पुसट आलंय?"

"चेष्टा नको. पुढच्या सोमवारी उद्घाटन आहे. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षबाई येणार आहेत. पेम्बर म्हणतात, त्या दिवशी काही केलंस तर पोलिसांना सांगावं लागेल."

"सांगू दे. पोलीस जेमी माझ्याकडेच लहानपणी केक खायचा."

"एवढं काय आहे त्यात? फोटोच आहे."

इसाने जिन्यावरून फोटो काढून आणला आणि टेबलावर ठेवला. "हा तिसऱ्या वल्ह्यावरचा कोण?"

"माझे आजोबा. माहीत आहे मला. अभिमान आहे."

"असूच दे. आणि ही?"

केनी वाकला. आईची आई त्याने पाहिलेली नव्हती. घरात तिचा एक फोटो होता तो लग्नातला, टापटीप. ही उघड्या तोंडाची, केस चेहऱ्यावर आलेली बाई त्याने अनेकदा जिन्यावरून जाता-येता पाहिली होती, पण नीट कधी पाहिली नव्हती.

"तुझी आजी," इसा म्हणाली. "तुझ्या मंडळाने तुझा आजोबा ठेवला आणि आजी कापली. आणि तू हात वर करून हो म्हणालास."

केनीने टोपी घातली, परत काढली. "त्यांनी आधीच कापलेला दाखवला होता," तो म्हणाला. "पण मी विचारायला हवं होतं." तो चहा न घेता गेला.

सोमवारी सुट्टीचा दिवस. ऊन होतं पण वारा बोचरा. वाळूवर गाढवं आली होती, आइस्क्रीमच्या गाडीपुढे रांग होती, आणि फलकावर निळा पडदा सोडला होता. इसा चांगला कोट घालून आली आणि सरळ फलकापुढे जाऊन उभी राहिली. हातात घरचा मूळ फोटो, चौकटीसकट. तिच्या शेजारी डॉटी, आणि डॉटीमागे गावातल्या आणखी काही जणी, ज्यांच्या आया-आज्या त्या दोरावर होत्या. इसाने त्यांना बोलावलं नव्हतं. डॉटीने बोलावलं होतं.

"मिसेस आर्चबोल्ड," पेम्बर हळूच म्हणाले, "कृपा करून बाजूला व्हा. पाहुणे आलेत."

"मी इथेच जन्मले. तुम्ही पाहुण्यांना सांगा की घरचे लोक उभे आहेत."

अध्यक्षबाई पुढे आल्या. वादावादी नको म्हणून असेल, किंवा खरंच कुतूहल म्हणून असेल, त्यांनी फोटो बघायला मागितला. "या सगळ्या कोण?"

"मेग डेंट, माझी आई," इसा म्हणाली. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत ती पुढे गेली. "बेला स्टॅन्टन. जेन अ‍ॅन रेनर. या दोघी लिडल बहिणी, एकमेकींशी बोलत नसत, पण दोरावर शेजारी. पॉली डॉसन, तिचा मुलगा त्या नावेत होता. आणि ही..." ती अडखळली.

"लेना," मागून एक पुरुषी आवाज आला. केनी होता. "लेना ग्रे. काल रेनरच्या म्हातारीला विचारून आलो." तो गर्दीतून येऊन मावशीच्या बाजूला उभा राहिला, पेम्बरांकडे न बघता म्हणाला, "पडदा राहू द्या. हे अर्धंच आहे."

पडदा तसाच राहिला. अध्यक्षबाईंनी चार शब्द बोलून चहा घेतला आणि त्या गेल्या. डॉटीने इसाला बाकावर बसवलं आणि लोकांच्या नजरा पडू नयेत म्हणून पुढे उभी राहिली.

आठवड्याभराने पेम्बर स्वतः आले. मंडळाने तोडगा काढला होता: बायकांसाठी एक वेगळा, छोटा फलक, गाड्या लावायच्या जागेपाशी.

"दोर नावेला बांधलेला होता," इसा म्हणाली. "गाड्यांना नाही."

पेम्बरांनी जिन्यावरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझी आई कपडे धुण्याच्या कारखान्यात होती. तिचा एकही फोटो नाही माझ्याकडे." इसाने त्यांना चहा दिला, पण शब्द मागे घेतला नाही.

शरद ऋतूत जुना फलक निघाला आणि आडवा, लांबलचक नवा आला. नाव, दोर आणि बायका, आणि खाली सगळ्यांची नावं. केनीने खांब रोवले. मेगचं तोंड आता गाढवावरच्या पोराएवढं मोठं दिसतं, आणि काही आया पोरांना तिथून लवकर पुढे नेतात.

मजकुरातलं ते एक वाक्य मात्र मंडळाने सोडलं नाही. मतदान झालं आणि इसा हरली. म्हणून हवा बरी असली की ती समोरच्या बाकावर जाऊन बसते. कोणी पाहुणा मोठ्याने वाचू लागला, "तेव्हाचं आयुष्य साधं होतं," की ती म्हणते, "नव्हतं. बसा, सांगते." बहुतेक जण बसतात.