दुखणं जबड्याचं, शिक्षा दाढेला

घरातलं एखादं बोलकं माणूस गप्प झालं की बाकीचे लगेच कुजबुजायला लागतात, आता याचं काय बिनसलं? गंमत अशी, की हा प्रश्न सगळे एकमेकांना विचारतात. ज्याला विचारायचा त्याला सोडून! आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हे होतं, म्हणूनच या घराची हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटली.

हे घर सोफे दुरुस्त करणाऱ्यांचं. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. दुकानात राबणारी माणसं तीन. सासरे, ज्यांना अख्खी बाजारपेठ उस्ताद म्हणायची. त्यांचा मुलगा, ज्याला शाळेत असल्यापासून गप्पीदास हे नाव चिकटलेलं. आणि सून, जी मागच्या बाजूला मशीनवर कव्हरं शिवायची. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

गप्पीदास नावाला जागणारा माणूस. जुन्या सोफ्याचं कापड उसवलं की फटीत काय काय सापडायचं: कंगवे, गोट्या, एकेकटे मोजे. त्यावरून तो त्या घरातल्या माणसांच्या कहाण्या रचायचा आणि जेवताना अशा रंगवून सांगायचा की वहिनीला घास घेणं मुश्किल व्हायचं. लग्न ठरताना तिने ना त्याचं दुकान पाहिलं ना रूप. त्याच्या बोलण्यावरच ती भाळली होती. तसं ती सगळ्यांना बिनदिक्कत सांगायची.

असा हा माणूस गेले काही महिने नुसता 'हं' म्हणत होता. फारच खोदून विचारलं तर 'काही नाही', तेही दातांमधून. सगळ्यांबरोबर जेवायला बसेना. बसलाच तर चार घास चिवडून उठायचा. वहिनीने एखादा विनोद केला तर ओठांची कड जरा हलायची आणि हात कानाशी जायचा, जणू तिचा आवाजच त्याला सहन होत नव्हता.

वहिनीने याचा सरळ अर्थ काढला. आपण याला नकोशा झालो. मग तीही टोमण्यांवर उतरली. "आमच्या हातचं हल्ली घशाखाली उतरत नाही वाटतं," असं भांड्यांना उद्देशून म्हणायची. टोमणे मारून झाले की न्हाणीघरात जाऊन डोळे पुसून यायची.

उस्तादांना मात्र यात वावगं असं काही दिसत नव्हतं. "पोरगा कामाला लागलाय आता. कारागिराने गप्पच असावं," असं त्यांचं मत. त्याला कारण होतं. त्यांच्या दुकानात वडिलांपासून चालत आलेली एक रीत होती. सोफ्याला कापड ठोकताना बारीक खिळे मूठभर तोंडात भरायचे. एकेक खिळा जिभेने ओठांशी आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने टिपायचा आणि ठोकून मोकळं व्हायचं. दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहायचा. काम झपाझप उरकायचं हे खरं, पण खिळा घशात जाऊ नये म्हणून जबडा दिवसभर घट्ट आवळून धरावा लागायचा. डबीतून खिळे घेणाऱ्याला उस्ताद हौशी म्हणत, आणि त्यांच्या तोंडी याहून मोठी शिवी नव्हती.

एका दुपारी वहिनी मशीनवर बसली होती. गप्पीदासने तोंडातले खिळे काढून ठेवले, मान वर केली आणि मोठी जांभई दिली. जांभई संपली, पण तोंड काही मिटेना. तो तसाच तिच्याकडे बघत राहिला.

"आ वासून काय बघताय? कधी पाहिलं नाही का मला?" वहिनी फणकारली.

त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं, तेव्हा तिच्या हातातलं कापड गळून पडलं. ती धावत गेली. त्याने दोन्ही हातांनी हनुवटी धरली, इकडून तिकडे हलवली, आणि कट्कन आवाज होऊन तोंड एकदाचं मिटलं. मग तो अर्धवट कापड ठोकलेल्या सोफ्यावर बसला, आणि बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा मोकळं बोलला.

कान दुखायचा म्हणून त्याने औषधाचे थेंब घालून पाहिले होते. कपाळाची बाजू ठणकायची म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. मग दाढ दुखते असं वाटलं, तेव्हा बाबांना विचारलं. ते म्हणाले, माझंही असंच दुखायचं, उपटून टाकल्या दाढा, सुटलो. म्हणून याने एक दाढ काढूनही घेतली होती. दुखणं तसंच. आता शनिवारी दुसरी काढायची ठरली होती.

"दाढ काढली? आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला कशाला त्रास. एवढ्याशा दुखण्याचं काय सांगायचं असतं," तो म्हणाला. "आणि बोललं की जास्तच दुखतं गं."

वहिनीला रडू यायला हवं होतं. पण आधी आलं ते हायसं वाटणं. म्हणजे हा आपल्याला कंटाळला नव्हता! दुसऱ्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली, की तिने त्याचा हात धरून ठेवला आणि सोडलाच नाही. माणूस महिनोन्महिने दुखणं सोसत होता आणि आपण भांड्यांशी बोलत बसलो होतो.

शनिवारी ती त्याच्याबरोबर निघाली, पण पहिली दाढ काढणाऱ्या डॉक्टरांकडे नाही. दोन गल्ल्या पलीकडे दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे. उस्तादही बरोबर आले. बाई उगाच वेळ काढतील आणि दाढ राहून जाईल, अशी त्यांना धास्ती.

बाईंनी दाढ ठोकून पाहिली, गार लावून पाहिलं, एक्स-रे काढला. मग म्हणाल्या, "दाढ ठणठणीत आहे. मी हिला हात लावणार नाही."

"आम्ही काढून घ्यायला आलोय, सल्ला मागायला नाही," उस्ताद म्हणाले.

"बसा काका. हवी तर भांडू, पण आधी तपासू द्या."

बाईंनी गप्पीदासच्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली आणि सावकाश तोंड उघडायला सांगितलं. जबडा सरळ खाली न येता एका बाजूला वळला, आणि तो कट् आवाज वहिनीलाही ऐकू आला. मग स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच जेमतेम गेली. गालाचा आणि कपाळाच्या बाजूचा स्नायू दाबला तसा तो कळवळला. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो का, झोपेत दात खाता का, असं त्यांनी विचारलं.

"खातात ना," वहिनी म्हणाली. "बाबांनी जंताचं औषधही दिलं."

बाई हसू दाबत म्हणाल्या, "जंत बिचारे निर्दोष आहेत. काम काय करता?"

खिळ्यांची हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, "धरून दाखवा बरं जबडा, काम करताना धरता तसा. हं. आता सोडा."

"सोडला."

"कुठे सोडलाय? दात अजून दातांवर आहेत. ओठ मिटलेले, जीभ वर टाळूला, आणि दात एकमेकांपासून सुटे, असं हवं. दातांची गाठ फक्त घास चावताना पडायची."

गप्पीदासने करून पाहिलं. जमेना. खिळे तोंडात नसतानाही तो दिवसभर जबडा आवळूनच असायचा आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. खोलीतल्या बाकीच्यांनीही गुपचूप आपापले दात तपासून पाहिले. वाचता वाचता तुम्हीही पाहिले असतील.

"कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो," बाई सांगू लागल्या. "गुडघा दुखला तर आपण सांधा दुखतो म्हणतो. इथे सांधा आहे हेच लोकांना ठाऊक नसतं. म्हणून कोणी कानाला औषध घालतं, कोणी डोक्याला बाम चोळतं, कोणी धडधाकट दाढ काढून येतं. या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये एक छोटीशी गादी असते. तुमची जरा जागची हलली आहे, आणि स्नायू थकलेत."

"गादी ना? मग बदलून टाका," उस्ताद म्हणाले. हा तर त्यांचा हातखंडा विषय होता.

"तुमच्या दुकानात बदलतात, काका. इथे बहुतेकांना आराम दिला तरी भागतं. काही दिवस मऊ जेवण, गरम कापडाचा शेक, मी दाखवते ते हलके व्यायाम, आणि रात्री दातांवर चढवायला एक पट्टी करून देते. जांभई आली की हनुवटीखाली हात धरायचा. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर घाबरायचंही कारण नाही. यांचं दुखतंय, म्हणून उपचार. आणि खिळे तोंडात धरणं बंद."

हे शेवटचं वाक्य उस्तादांना झोंबलं. "माझ्या वडिलांनी धरले, मी धरले. दुखलं तर दाढ काढली. आम्ही नाही असं कुरकुरत बसलो."

"मग दाढा काढल्यावर तुमचं दुखणं गेलं का?" बाईंनी शांतपणे विचारलं.

उस्तादांनी खिडकीकडे बघितलं.

"नाही गेलं," ते म्हणाले. "दाढा संपल्या, म्हणून सांगणं थांबवलं."

गप्पीदास खुर्चीत उठून बसला.

"तुझ्या आईला वाटायचं मी तिच्यावर रागावलोय," उस्ताद मुलाला म्हणाले. "ती विचारायची, माझं काय चुकलं? मी आपला हातानेच खुणावायचो, काही नाही. तोंड उघडायचा जीवच होत नसे. ती गेली तेव्हाही तिला तसंच वाटत असणार. मला तिचा कधी राग आला नव्हता रे."

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी तिला तसं धाडस झालं नसतं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर उस्ताद मुलाला म्हणाले, "ऊठ. तुझं झालं असेल तर मला बसू दे." आणि कवळी काढून हातात घेत, लहान मुलासारखे खुर्चीत जाऊन बसले.

त्यांच्याही सांध्यावर बाईंनी बोटं ठेवली. वय झालं होतं, सांधा झिजला होता, पण शेक, व्यायाम आणि नीट बसणारी नवी कवळी यांनी त्यांनाही आराम पडला. गप्पीदासला बरं वाटायला वेळ लागला. मधे एकदा दुखणं पुन्हा उलटलं, तेव्हा तो वैतागून व्यायाम सोडायला निघाला होता. वहिनीने समोर बसून, स्वतः करून दाखवत, त्याच्याकडून ते करून घेतले. दोघांची तोंडं त्या वेळी इतकी विचित्र दिसत की शेवटी हसूच यायचं. दुकानात आता खिळे मनगटावर बांधलेल्या लोहचुंबकाच्या पट्टीला चिकटलेले असतात. ती पट्टी उस्तादांनी स्वतः शिवली, आणि आता ती न बांधणाऱ्याला ते हौशी म्हणतात.

मंडळी, सोसणं हा मोठेपणा आहे असं आपल्याला कोणीतरी शिकवलं, आणि आपण पुढच्याला शिकवलं. कानापुढे दुखत असेल, तोंड उघडताना अडकत असेल, तर आधी जबड्याचा सांधा तपासून घ्या. बिचारी दाढ उपटून घेऊ नका. आणि घरातलं कोणी बोलेनासं झालं असेल, तर तर्क लढवत बसू नका. जवळ जा आणि 'तुला दुखतंय का?' असं विचारा. 'काही नाही' असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा. उस्तादांच्या बायकोनेही विचारलं होतं, पण 'माझं काय चुकलं?' एवढंच. तुला दुखतंय का, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही, आणि उस्तादांनी कधी सांगितलं नाही.